गव्हाचं दुखणं, कुरणाला औषध: कोजोनपच्या दोन हंगामांच्या नोंदी

वर्ष पहिलं

१२ फेब्रुवारी
शेडमागच्या पॅडॉकला, म्हणजे कुंपण घातलेल्या रानाला, आज पहिली फेरी मारली. ६० हेक्टर, वर मुरमाड वाळू आणि हातभर खाली घट्ट चिकणमाती. हिवाळ्यात ओढ्याकडचा कोपरा चिबडतो, आत्ता मात्र पाय टाकला की धूळ. पारा ३६ वर. मेंढ्या एकमेव निलगिरीच्या सावलीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या होत्या.

जागा: पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कोजोनप, पर्थहून अल्बनीच्या रस्त्याने सुमारे २५० किलोमीटर. नावातला शेवटचा ‘अप’ इथल्या मूळ रहिवाशांच्या नूंगर भाषेतला, अर्थ ‘ठिकाण’. आपल्या ‘वाडी’सारखा तो नकाशाभर सापडतो.

इकडच्या हवेला पुस्तकात भूमध्यसागरी म्हणतात. आपल्या माणसाला सांगायचं तर पाऊस जवळपास आपल्याच महिन्यांत पडतो, मे ते ऑक्टोबर, पण ते महिने थंडीचे. म्हणजे खरीपाच्या तारखांना रब्बीची हवा. आपण दसरा-दिवाळीनंतर गहू पेरतो, इथे दिवाळीला काढणीच्या यंत्राला ग्रीस लावतात. वर्षाचा पाऊस साडेचारशे-पाचशे मिलिमीटर. उन्हाळा कोरडा ठाक, आणि बुरशीनेही हे वेळापत्रक पाठ केलेलं आहे.

काम असं: या पॅडॉकमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या गव्हाला टेक-ऑलने खाल्लं होतं. मुळं काळी करणारी ही बुरशी. ‘सगळं घेऊन जाणारी’ हे नाव एकोणिसाव्या शतकात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यांनी ठेवलं, आणि शास्त्रज्ञांना ते बदलावंसं वाटलं नाही. तेव्हापासून रान कुरणाखाली आहे. पुढच्या वर्षी पुन्हा गहू. मधल्या या एका वर्षात कुरणात काय केलं तर गहू वाचेल, ते बघायचं.

घरात दोन मालक. थोरल्यांचा जीव मेंढ्यांवर, धाकट्यांचा गव्हावर. हिशेब धाकट्या मालकीणबाईंकडे, त्यामुळे शेवटचा शब्द बहुधा त्यांचाच.

४ मार्च
कोरड्या चाऱ्याची पाहणी. सब-क्लोव्हर या कुरणातल्या शेंगवर्गीय वनस्पतीची वाळलेली बोंडं मातीतून उकरून मोजली. ही वनस्पती पाहताना मला दरवेळी भुईमूग आठवतो: फूल मावळलं की देठ आरीसारखा खाली वळतो आणि बी मातीत पुरून येतो. मेंढ्या उन्हाळ्यात तीच बोंडं नाकाने उकरून खातात. निम्मी तरी जमीन झाकलेली राहिली पाहिजे, नाहीतर वाऱ्याबरोबर वरची माती निघून जाते. आत्ता ६० टक्क्यांच्या आसपास आहे. मेंढ्या आणखी दहा दिवस ठेवून हलवा म्हणून सांगितलं.

क्लोव्हरखेरीज काय होतं? बार्ली गवत भरपूर, सिल्व्हर गवत, रायगवत, आणि कॅपवीडची वाळकी पानं. पहिली दोन गवतं टेक-ऑलची खाणावळ. कॅपवीड रुंद पानांचं, त्यात ही बुरशी जगत नाही. तण म्हणून सगळे त्याला शिव्या देतात, पण या एका बाबतीत ते निर्दोष.

१९ मार्च
धाकट्यांनी मला न विचारता चुना टाकला, हेक्टरी २ टन. किनाऱ्याकडची चुनखडीची वाळू. तक्रार करता येत नाही, कारण वरच्या थराचा सामू (पीएच) ४.६ आला होता आणि शिफारस ५.५ ची आहे. क्लोव्हरच्या गाठींमधल्या जिवाणूंना चुना हवाच. पण टेक-ऑललाही आंबट माती आवडत नाही. चुना टाकला की क्लोव्हर खूश आणि बुरशीही खूश. म्हणजे गवत काढण्याचं काम आता दुप्पट गरजेचं झालं. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग काढ की.”

११ एप्रिल
परवा १४ मिमी. रान दोन दिवसांत हिरवं झालं आणि थोरले खुलले. मला धास्ती. हा फसवा पाऊस. पुढे पाऊस नाही, उन्हं २८ अंशांची. आज निम्मी रोपं माना टाकून होती.

क्लोव्हरचं सगळं बी मात्र एकदम फसत नाही. बऱ्याच बियांचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरतच नाही. उन्हाळ्यात जमीन दिवसा तापते, रात्री निवते, त्या ताणाने कवचं थोडी थोडी उकलतात, काही या वर्षी तर काही पुढच्या. मृगाच्या सरीला भुलून दुबार पेरणी करणाऱ्या आपल्या गावांना हे कवच मिळालं असतं तर!

२६ एप्रिल
काल अँझॅक दिन, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या आठवणीचा. पहाटेच्या मानवंदनेनंतर सगळे पेरणीचंच बोलत होते. या पट्ट्यात पेरणीचा मुहूर्त या तारखेवरून मोजतात. पावशाचं ‘पेरते व्हा’ इथे नाही, पण काम तेच. काही जण कोरड्यातच पेरताहेत. खानदेशातली कपाशीची धूळपेरणी आठवली.

२४ मे
खरा पाऊस. दोन दिवसांत २७ मिमी, पाठोपाठ थंडी. कुरण उगवलं.

आणि लाल पायांचे कोळीही. काळं अंग, लाल पाय, टाचणीच्या टोकाएवढा जीव. दक्षिण आफ्रिकेतून आला आणि १९१७ मध्ये बनबरीला पहिल्यांदा दिसला, म्हणजे इथून पश्चिमेला काही तासांच्या वाटेवर. क्लोव्हरची दोन पानंही चांदीसारखी चमकायला लागलीत. उगवत्या क्लोव्हरला याने खाल्लं तर जागा गवताला मिळते, मग गवतावरची बुरशी, मग गहू. धाकट्यांना वाटत होतं कोळ्यांची फवारणी मेंढ्यांच्या खात्यावर टाकावी. मी निम्मी गव्हाच्या खात्यावर टाकायला लावली. मालकीणबाई हसल्या, पण लिहून घेतलं.

८ जून
आज थोरल्यांनी खरा आक्षेप काढला. गवत मारलं तर उरणार काय? क्लोव्हर. त्यांच्या वडिलांच्या कळपात एका वर्षी कोकरंच झाली नव्हती.

हे म्हाताऱ्याचं खूळ नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात हजारो मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, आणि बेनेट्स, अंडरवुड व शियर यांनी १९४६ मध्ये त्याचा संबंध क्लोव्हरशी जोडला. ड्वालगनपसारख्या जुन्या वाणांच्या हिरव्या पानांत मादी-संप्रेरकासारखं काम करणारं द्रव्य असतं. पुढे कमी द्रव्याचे वाण आले, पण जुन्यांचं कठीण बी जमिनीत कुठे लपलेलं असेल सांगता येत नाही.

म्हणून दिवसभर वाकून क्लोव्हरच्या पानांवरच्या खुणा बघत बसलो. पांढरा चंद्र, तपकिरी डाग, देठाची लव. बहुतेक ठिकाणी डाल्कीथ आणि सीटन पार्क, दोन्ही निर्धोक. ओढ्याकाठी दोनेक हेक्टरांत डिनिनप निघालं, ते मात्र वाईट वाणांपैकी. तेवढा कोपरा कुंपणाची तार ओढून वेगळा करायचा आणि तिथे फक्त खच्ची नर चारायचे, असं ठरलं. थोरल्यांचा राग उतरला. मला वाटतं आक्षेप गंभीरपणे घेतला गेला याचंच त्यांना समाधान होतं.

१६ जून
अडचण तारखेची आहे. टेक-ऑल मोडायचा तर गवत जुलैच्या आत गेलं पाहिजे. मेंढ्या व्यायला लागल्यात आत्ता. व्यायलेल्या मेरिनो मेंढीला हेक्टरी हजार किलोच्या वर कोरड्या वजनाइतका हिरवा चारा समोर हवा, आणि रानात आहे आठशेच्या आसपास. त्यातलं निम्मं गवत. म्हणजे मी ऐन बाळंतपणात ताटातली भाकरी उचलायला सांगतोय.

धाकट्यांची सूचना: आत्ता कशाला, सप्टेंबरमध्ये गवत निसवताना मारू, बी धरणार नाही. अनेक जण तेच करतात. तणाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तोवर बुरशी सगळा हिवाळा मुळांवर पोसलेली असते. सप्टेंबरची फवारणी पुढच्या वर्षीचं गवत कमी करते, या वर्षीची बुरशी नाही.

तोड निघाली: पॅडॉक अर्धं करायचं. पूर्वेकडच्या भागात (अ) आत्ता हिवाळी साफसफाई, म्हणजे गवत मारणारी फवारणी. पश्चिमेकडे (ब) आत्ता काही नाही, सप्टेंबरमध्ये फवारणी. सप्टेंबरची फवारणी अ भागातही होईल, म्हणजे फरक उरेल तो फक्त जूनचा. व्यायलेल्या मेंढ्या ब मध्ये, आणि वर ल्युपिन या कडधान्याचा खुराक.

२७ जून
अ भागावर सिमाझिन आणि पॅराक्वाट, दोन्ही तणनाशकं. सकाळी धुकं होतं, दहाला सुरू केलं. बूम, म्हणजे फवारणीचा आडवा दांडा, ३६ मीटरचा. नोझल मी तपासणार होतो. त्याच वेळी ब मध्ये एका मेंढीला कोकरू अडलं होतं, तिकडे गेलो. कोकरू वाचलं.

२९ जून
बाबांचा निफाडहून फोन. द्राक्षाचे व्यवहार सांगून झाल्यावर विचारलं, तिकडे काय चाललंय.
“कुरणाला औषध मारलं.”
“गवत मारायला पैसे घालता? मेंढरं सोडा की रे.”
“मेंढरांनाच तर ते हवंय बाबा. गव्हाला नकोय.”
“मेंढरं कुणाची, गहू कुणाचा?”
“एकाच घरचे.”
“मग भांडण घरातलंच आहे. तू मध्ये कशाला पडतोस?”
मग बराच वेळ ते धनगरांविषयी बोलत राहिले. कांदा निघाल्यावर आम्ही वाडा बसवायचो, रात्री मेंढरं रानात, सकाळी धनगराला धान्य. इथेही मेंढरू आणि धान्य एकाच रानात फिरतात, फक्त पाळी रात्रीची नसून वर्षाची.

२१ जुलै
बार्ली गवत पिवळं पडून बसलं. क्लोव्हरही झोडपल्यासारखं दिसतंय, पानांच्या कडा जळाल्या. थोरले कुंपणावर हात ठेवून उभे होते, बोलले नाहीत. मीही नाही.

१८ ऑगस्ट
अ भाग ओळखू येत नाही. क्लोव्हर घोट्याच्या वर, दाट. उत्तरेकडच्या कुंपणाशी मात्र गवताची एक हिरवट पट्टी सरळ रेषेत दक्षिणेपर्यंत गेली आहे. पावलांनी मोजली, रुंदी ३ मीटर. बूमचा एक भाग त्या फेरीला बंद होता. मी तपासायला हवे होते तेच नोझल. मालकांना जाऊन सांगितलं. धाकटे म्हणाले, “कोकराच्या नावावर मांड.”

१७ सप्टेंबर
दोन्ही भागांत, सुटलेल्या पट्टीसकट, सप्टेंबरची फवारणी. कोळ्यांचीही याच आठवड्यात. टाइमराइट म्हणून एक गणित आहे, त्यातून प्रत्येक ठिकाणाला एकच तारीख मिळते. मादी उन्हाळा काढणारी कठीण अंडी पोटात धरण्याच्या जरा आधी मारायचं. दिवसाच्या लांबीवर बसवलंय म्हणून तारीख दरवर्षी तीच. पंचांगासारखं.

३० ऑक्टोबर
ब भागात रायगवताच्या काही लोंब्या सुटल्या होत्या. वाकून पाहिलं, कुठे पिवळा चिकट द्रव दिसतो का. मातीतला एक सूत्रकृमी एका जिवाणूला लोंबीपर्यंत घेऊन जातो, जिवाणू विष तयार करतो, गवत वाळताना ते वाढतं. मेंढ्या हाकल्या की झोकांड्या देऊन पडतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात हा प्रकार पहिल्यांदा १९६८ मध्ये नोवँगरपकडे नोंदला गेला, आमचं शेजारचंच गाव म्हणा. द्रव दिसला नाही. तरी नमुना सरकारी प्रयोगशाळेला दिला. नऊ दिवसांनी उत्तर: धोका कमी.

अ मध्ये तपासायला रायगवतच नव्हतं.

वर्ष दुसरं

९ फेब्रुवारी
उत्तरेच्या चक्रीवादळाचं शेपूट इथवर आलं. उन्हाळ्यात ४१ मिमी. लगतच्या गव्हाच्या धसकटांत सांडलेले दाणे उगवले, रान हिरवंगार. थोरल्यांना फुकटचा चारा दिसला. मला तांबेरा दिसला.

तांबेऱ्याला जिवंत पान लागतं. कोरड्या उन्हाळ्यात ते मिळत नाही म्हणून बुरशीची साखळी तुटते, आणि असा अवेळी पाऊस झाला की सांडगव्हाचा पूल तयार होतो. राहुरीला शिकताना के. सी. मेहतांचं काम पाठ केलं होतं: उत्तरेच्या मैदानात उन्हाळ्यात तांबेरा मरतो, तो डोंगरांत जगतो, दक्षिणेला निलगिरी-पळणीच्या थंडाव्यातून वाऱ्याने परत येतो. आमची सहल महाबळेश्वरच्या गेरवा संशोधन केंद्रावर गेली होती. तिथल्या धुक्यात गव्हाच्या पानांवर नारिंगी भुकटी बोटाला लागली ती अजून आठवते. इथे निलगिरी नावाची झाडं आहेत, डोंगर नाही. इथला डोंगर म्हणजे हे सांडपीक.

मेंढ्या सोडा, पण नुसत्या चराईने पूल तुटत नाही. पेरणीच्या निदान चार आठवडे आधी रान मेलेलं हवं. मार्चअखेर फवारणी ठरली.

१४ मार्च
अ आणि ब मधून मातीचे नमुने, प्रत्येकी १५ जागांवरून, ॲडलेडच्या प्रयोगशाळेला. मातीतल्या बुरशीचा आणि सूत्रकृमीचा डीएनए मोजून देतात. सुटलेली पट्टी वेगळी घेतली नाही. तीन मीटरला कोण विचारतो, असं वाटलं.

२ एप्रिल
उत्तर आलं. टेक-ऑल: अ मध्ये कमी, ब मध्ये जास्त. ऱ्हायझोक्टोनिया, मुळं तोडणारी दुसरी बुरशी, दोन्हीकडे मध्यम. म्हणजे गवत काढल्याने एक रोग गेला, दुसऱ्याला फरक पडला नाही. ऱ्हायझोक्टोनियाला गवत काय, क्लोव्हर काय, सगळं चालतं.

नत्राचाही ढोबळ हिशेब: क्लोव्हरच्या दर टन कोरड्या वजनामागे २० ते २५ किलो नत्र बांधलं जातं. अ मध्ये क्लोव्हर जास्त, म्हणून तिथे युरिया कमी. ही बचत कागदावर आली तशी मालकीणबाईंनी पहिल्यांदा प्रकल्पाविषयी चार प्रश्न सलग विचारले.

१२ मे
पेरणी. वाण सेप्टर. ब मध्ये खतावर फ्लुट्रियाफॉल हे बुरशीनाशक चढवून सरीत दिलं, कारण अहवाल ‘जास्त’ सांगत असताना नुसतं बघत बसणं प्रयोगाला बरं, माणसाला नाही. फक्त दोन फेऱ्या औषधाशिवाय सोडल्या. अ मध्ये कुठेच दिलं नाही. पेरणीची टोकं बियाण्याच्या खाली बोटभर-दोन बोटं माती मोकळी करतील अशी बसवली, ऱ्हायझोक्टोनियासाठी.

चहाच्या वेळी थोरल्यांनी विचारलं, भारतात गहू तसा होतो का. मग त्यांना फेडरेशनची गोष्ट सांगितली. विल्यम फॅरर यांनी १९०१ च्या सुमारास आणलेला हा वाण बरीच वर्षं ऑस्ट्रेलियाभर पेरला गेला, आणि त्याच्या वंशावळीत इटावा नावाचा भारतीय गहू आहे. आपल्या गव्हाचा लवकर पिकण्याचा गुण या कोरड्या मुलखाला हवा होता. थोरले म्हणाले, “म्हणजे तू नातेवाइकांकडेच आलायस.”

१० जुलै
ऱ्हायझोक्टोनियाचे खळगे दिसू लागले, बैलगाडीच्या चाकाएवढे, आत रोपं खुजी आणि जांभळट. उपटली तर मुळं भाल्याच्या टोकासारखी तुटलेली. दोन्ही भागांत सारखेच, पण गेल्या पिकाच्या फोटोंपेक्षा कमी. मोकळ्या मातीचा गुण म्हणायला हरकत नाही, सिद्ध मात्र केलेलं नाही.

५ ऑगस्ट
रस्त्यापलीकडच्या बार्लीवर ठिपक्यांचा नेट ब्लॉच, पानांवरचा बुरशीरोग. बार्लीच्या धसकटांवर पुन्हा बार्ली, दुसरं काय होणार. धाकट्यांना गेल्या फवारणीचंच बुरशीनाशक पुन्हा मारायचं होतं. या बुरशीने पश्चिमेत काही गटांच्या औषधांना दाद देणं कमी केलंय, म्हणून दुसरा गट सुचवला. बाबा द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी औषधं आलटून पालटून मारतात, कारण तेच आहे.

आमच्या गव्हावर तांबेरा नाही. एका पानावर शंका आली, ते कागदी पाकिटात घालून सिडनी विद्यापीठाच्या तांबेरा सर्वेक्षणाला पाठवलं. प्लॅस्टिकमध्ये घातलं तर पान घामेजून कुजतं. उत्तर आलं, तांबेरा नव्हता.

१९ सप्टेंबर
पहाटे ओढ्याकाठी पारा शून्याखाली. गहू फुलोऱ्यात. काही बोलण्यासारखं नाही.

११ ऑक्टोबर
सप्टेंबर ओला गेला, ऑक्टोबर उघडताच गरम वारे. आणि आज पांढऱ्या ओंब्या.

धाकट्यांनी फोनवर सांगितलं, सगळीकडे पांढरं दिसतंय, गवत मारून काय मिळालं. जाऊन पाहिलं. पांढरी ओंबी तीन-चार कारणांनी येते आणि गाडीतून सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून फावडं.

ओढ्याकाठी: ओंबी पांढरी, दाणा नाही, पण रोप उपटायला जोर लागला, मुळं पांढरी स्वच्छ. हे हिवाचं काम. फ्युझेरियमची खोडकूज असती तर बुडखा मधासारखा तपकिरी आणि पेराशी गुलाबी झाक दिसली असती. तशी दोन रोपं मिळाली, बस.

ब मध्ये बिनऔषधाच्या फेऱ्या: रोप बोटांच्या चिमटीत निघून आलं. मुळं जळक्या दोऱ्यासारखी काळी, मोडून पाहिली तर आतला गाभाही काळा. खालची पानं सोलली की बुडख्यावर डांबर फासल्यासारखा रंग. टेक-ऑल. २० रोपांत १४. औषध दिलेल्या फेऱ्यांत २० पैकी ८.

अ मध्ये २० पैकी २. तिथून परत येताना कुंपणापाशी थांबलो. अ च्या हिरव्या-सोनेरी गव्हात एक पांढरी पट्टी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत गेलेली. पावलांनी मोजली नाही, गरज नव्हती. बुरशी सरळ रेषेत चालत नाही, यंत्र चालतं. २० पैकी १३ काळी.

थोरल्यांना बोलावलं. त्यांनी पट्टीतलं एक रोप उपटलं, पट्टीबाहेरचं एक, दोन्हींची मुळं शर्टाच्या बाहीला पुसून बराच वेळ बघितली. म्हणाले, “कोकरू कुठलं होतं ते?” मला सांगता आलं नाही.

२ डिसेंबर
काढणी संपली. यंत्राच्या नकाशावरून अ आणि ब च्या औषध दिलेल्या भागात हेक्टरी अर्ध्या टनाच्या जवळपास फरक, बिनऔषधाच्या फेऱ्यांशी त्याहून बराच जास्त. हिवाचा कोपरा वगळून. यात नत्राचा वाटा किती आणि मुळांचा किती, हे या मांडणीतून वेगळं काढता येत नाही, आणि पॅडॉक एकच आहे. अहवालात तसंच लिहिलंय.

दुसऱ्या बाजूला ल्युपिनचा खर्च, दोन फवारण्या, आणि गेल्या हिवाळ्यात ब मध्ये दाटीने ठेवलेल्या मेंढ्यांची कोकरं थोडी हलकी भरली. मालकीणबाईंनी दोन्ही रकाने समोरासमोर मांडले. गव्हाचा रकाना जड, पण थोरले म्हणतात तेवढा हलका मेंढ्यांचाही नाही.

शिवाय समुद्रमार्गे जिवंत मेंढ्यांची निर्यात १ मे २०२८ पासून कायद्याने बंद होणार. धाकट्यांचा सूर असा की कळप निम्मा करून सगळं रान पिकाखाली घ्यावं. मग गहू-बार्ली-कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक), मध्ये क्लोव्हर नाही. मी विचारलं, मग मधलं वर्ष कुठून आणणार? कॅनोलाही टेक-ऑल मोडतं, हे त्यांनी लगेच ऐकवलं. बरोबर आहे. नत्र मात्र कॅनोला देत नाही, उलट मागतं. वाद तिथेच राहिला.

१५ डिसेंबर
पुढच्या वर्षासाठी ठरलं: डॅमवरच्या पॅडॉकमध्ये पूर्ण हिवाळी साफसफाई, मेंढ्या व्यायला दुसरीकडे. माकडिणीसारखी लेकरू पोटाशी धरणारी एक म्हातारी मेंढी थोरल्यांनी विकायला काढली नाही, तिचा प्रकल्पाशी संबंध नाही, तरी लिहितो.

मातीचे नमुने वेगवेगळ्या पट्ट्यांतून घ्यायचे. नोझलचा पूर्ण संच नवा मागवला. एक पट्टी मुद्दाम सोडायची आहे, ३ मीटरचीच, या वेळी दोन्ही टोकांना खुणेचे खांब रोवून. खांब थोरले देणार आहेत.